दहा रुपयांचं गिऱ्हाईक

आमच्या दुकानात फुकट काहीच मिळत नाही हे कळलं की कपडे द्यायला आलेल्यांचा चेहरा उतरतो. नांदेडात आम्ही काही बायका मिळून जुन्या वस्तूंचं दुकान चालवतो. माल लोकांनी दिलेला, गाळा ओळखीतून कमी भाड्यात मिळालेला, गल्ल्यावर आळीपाळीनं बसायचं. लहान मुलांचा कपडा दहा रुपये, शर्ट वीस, साडी चाळीस. त्यातून भाडं आणि लाईटबिल निघतं, उरलं तर पोरांच्या वह्या-दप्तरांना जातं. "आम्ही फुकट दिलेलं तुम्ही विकता होय?" हे दर आठवड्याला ऐकावं लागतं. एका ताईंनी तर स्वतःची काठापदराची साडी चाळीसला टांगलेली बघून परत मागितली. आम्ही दिली. त्यांचं दुःख साडी विकल्याचं नव्हतं, चाळीसच लावल्याचं होतं.

फुकट का वाटत नाही, याचं कारण मी लातूरची आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरली होती. पुढच्या दिवसांत देशभरातून मदतीच्या गाड्या आल्या. धान्य, औषधं, पत्रे यांची गरज होतीच. पण कपड्यांचे गठ्ठे सुटले की त्यातून काय काय निघायचं! जन्मभर नऊवारी लुगडं नेसलेल्या म्हातारीपुढे गाऊन, शेतकऱ्यापुढे कोट, बटणं तुटलेले फ्रॉक. जी माणसं आदल्या दिवसापर्यंत घरादाराची मालक होती, त्यांनी त्या ढिगात हात घालायचा होता. कित्येकांनी घातला नाही. पाठवणाऱ्यांची नियत चांगलीच होती, पण हे तुम्हाला चालेल का, असं कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

पुढे गावोगावी 'माणुसकीची भिंत' निघाली. नको ते ठेवा, हवं ते न्या. कल्पना सुरेख. मी ज्या भिंती पाहिल्या तिथं सुरुवातीला इस्त्रीचे कपडे टांगलेले असायचे, पावसाळ्यापर्यंत खाली ओला चिखलढीग. आणि नेणारे दिवेलागणीनंतर यायचे, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून.

यावर आमच्यातल्या एकीनं मला अडवलं होतं. म्हणाली, मग गुरुद्वाऱ्यातला लंगर? तो तर फुकटच की. बरोबर आहे. हजूर साहिबच्या लंगरात रोज हजारो माणसं जेवतात, पैसे कुणी मागत नाही आणि लाज कुणालाच वाटत नाही. पण तिथं वजिराबादचा व्यापारी आणि स्टेशनवरचा हमाल एकाच पंगतीत मांडीला मांडी लावून बसतात. भिंतीपाशी व्यापारी कपडे ठेवायला येतो, न्यायला कधीच येत नाही. पंगत एक असेल तर फुकट चालतं. नसेल तर दहा रुपये बरे. दिल्लीच्या गूंज संस्थेनं यावर वेगळी तोड काढली. १९९९मध्ये अंशू गुप्तांनी ती सुरू केली, २०१५मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. त्यांच्याकडे गाव आधी विहीर उपसतं, रस्ता करतं, आणि कपडे त्या कामाचा मोबदला म्हणून मिळतात. आमचा तेवढा आवाका नाही, आम्ही दहा रुपयांवर भागवलं.

भाव लावायला मात्र आम्हाला एका बोहारणीनं शिकवलं. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देत ती आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं फिरते. साडी हातात आली की ती आधी रंग बघतच नाही. पदर उलटा करते, दोन्ही हातांनी उजेडावर धरते आणि विरलेलं भोक शोधते. मग निऱ्या येतात तिथला भाग दोन बोटांत चोळते, कारण साडी आधी तिथं जाते. शर्टाची कॉलर, पँटची बैठक, मग चेन. सगळं बघून झाल्यावर अशा आवाजात "ह्याला तर चमचा बी येत न्हाई" म्हणते की आपल्यालाच आपल्या साडीची शरम वाटावी. घासाघीस करून अखेर पातेलं देते ते निराळं. आम्ही तिची तपासणी घेतली, तो आवाज तेवढा घेतला नाही. आता आलेल्या मालातला बराचसा टांगण्यालायक नसतो आणि पुसण्यांच्या ढिगात जातो. आतले कपडे तर आम्ही घेतच नाही, तरी पिशवीच्या तळाशी कुणीतरी कोंबतंच.

गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, हे भावापेक्षा अवघड निघालं. "एवढ्या स्वस्तात आणखी काय पाहिजे?" हे वाक्य आमच्यातल्या भल्याभल्यांच्या तोंडून निसटायचं. हातात चांगला मोबाईल असलेला मुलगा आला की "तुला खरंच गरज आहे का?" असं विचारलं जायचं. मी भांडून ते बंद करवलं. कापडाच्या दुकानात कुणी आपला सातबारा मागत नाही. मग पडदा लावून आडोसा केला, एक उभा आरसा आणला. आरशाचा परिणाम आम्हालाही अपेक्षित नव्हता. बायका तासतास थांबू लागल्या, एकमेकींना "हे न्हाई शोभत, अक्का" म्हणू लागल्या, आणि नकार देऊन रिकाम्या हातानं जाऊही लागल्या. एक बाई दुसऱ्या दिवशी पोराची पँट घेऊन परत आली. "चेन बसंना. बदलून देताव का पैसे देताव?" आवाज चांगला चढा होता. गल्ल्यावरची आमची मैत्रीण दुखावली. मला फार बरं वाटलं. फुकट नेलेल्या पँटसाठी ती परत आली नसती. पँट बदलून दिली.

लातूरला ओळखीच्या बायकांनी असंच दुकान काढलंय, पण तिथला माल निराळा. नीटची परीक्षा मे महिन्यात झाली की शिकवणीसाठी आलेली पोरं खोल्या सोडतात आणि गाद्या, बादल्या, टेबलफॅन, पुस्तकांचे गठ्ठे मागं राहतात. जूनमध्ये नवी पोरं येतात. आम्हाला वाटलं होतं, पुस्तकांवर उड्या पडतील. पुस्तकं बऱ्याचदा बदललेल्या अभ्यासक्रमात अडकतात. देगलूर-मुखेडकडून पोराला सोडायला आलेला बाप आधी बादली आणि गादी मागतो, कारण डिपॉझिट भरून खिसा रिकामा झालेला असतो. म्हणून तिथं बादली एकाला एकच.

नांदेडात 'एकाला एकच' मी होऊ दिलं नाही. आठवडी बाजारात कपडे विकणारी एक मावशी आमच्याकडून वीस-वीस शर्ट उचलते आणि तिकडे तिसाला, पस्तिसाला विकते. आमच्यातल्या काहींना हा धंदा खटकतो. मला खटकत नाही. ती ज्या बाजारात बसते तिथं आमच्यापैकी कुणी जाणार नाही, आणि तिथल्या बाईला एसटीचं तिकीट काढून आमच्या दुकानापर्यंत यायला शर्टापेक्षा जास्त पैसे पडतील.

दसऱ्याच्या आधी दुकानाचा नूरच पालटतो. कंधार, मुखेड, लोह्याकडची माणसं ऊसतोडीला निघायची असतात. बायका येतात आणि साड्यांकडे ढुंकूनही न बघता थेट पुरुषांचे शर्ट चाळू लागतात. साडीवर घालायला पूर्ण बाह्यांचा, जाड सुताचा शर्ट हवा असतो, नाहीतर उसाचं पान हात कापतं. आम्ही ज्याला 'छान पार्टीवेअर' म्हणून दर्शनी टांगलेलं असतं तो चकचकीत शर्ट त्या बाजूला सारतात आणि कुणा साहेबाचा विटलेला खादीचा शर्ट तीन ठिकाणी ओढून बघून घेतात. या दिवसांत अशा शर्टांचा भाव तीस करावा, मागणी आहेच, अशी सूचना आमच्या बैठकीत दरवर्षी येते. सुचवणारीचा हिशोब चुकीचा नाही, गाळ्याचं भाडं वाढलंय. शेवटी पार्टीवेअर तीसला लावायचं आणि जाड शर्ट वीसलाच ठेवायचे असं ठरतं. तरी त्या बायका पंधराला मागतातच, आणि पाच घेतले तर आम्ही देतोही.