कोल्हापूरची मॅच

सोमवार, संध्याकाळचा साडेसातचा स्टेटस कॉल. बाहेर हिंजवडीचा पाऊस, आत गारठवणारा एसी आणि स्क्रीनवर आमचा अमेरिकेतला क्लायंट. एरवी हा माणूस सकाळी सकाळी इतका हसत बोलतो की आपल्यालाच टेन्शन यावं. त्या दिवशी मात्र चेहरा असा, की घरातलं कुणी गेलंय का विचारावं!

ही गोष्ट ऑगस्ट २०२३ ची. साहेब ओरेगन स्टेट विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. तिकडे कॉलेजांच्या टीम्स गट करून आपापसात खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. यांचा गट 'पॅक-१२', मुळं पार १९१५ पर्यंत गेलेली. आणि तो गट नुकताच, एका शुक्रवारी, जवळजवळ संपला होता. टीव्हीचा करार मनासारखा जमेना, म्हणून एकेक बडं विद्यापीठ जास्त पैशाच्या गटात निघून गेलं. लॉस एंजेलिसच्या दोघांनी तर वर्षभर आधीच 'बिग टेन'ची वाट धरली होती. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या पोरांनी मॅच खेळायला न्यू जर्सीला जायचं, चार हजार किलोमीटरच्या आसपास. ('बिग टेन'मध्ये आता अठरा टीम्स आहेत. नावात टेन, आत अठरा. आपल्याकडच्या वडापसारखं!) बारापैकी शेवटी उरले दोघंच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

तो म्हणाला, आम्ही कुठेच गेलो नाही, बाकीचेच सगळे निघून गेले.

मी म्यूटवर होतो. काय वाटलं कोण जाणे, अनम्यूट केलं आणि बोलून गेलो, "आमचंही असंच झालं होतं. सोलापुरात."

दोन सेकंद शांतता. मग कुणीतरी डिप्लॉयमेंटचा विषय काढला.

तर जे त्या कॉलवर सांगता आलं नाही, ते इथे.

मी कॉलेजच्या फुटबॉल टीमचा सेक्रेटरी होतो. म्हणजे काय, तर खेळ यथातथाच, पण हिशेब जमायचा. हिशेबाची एक लांबडी वही होती. एसटीची तिकिटं, चहा, बॉलचं पंक्चर, गोलकीपरचे ग्लोव्हज, सगळं त्यात. टीममध्ये चांगल्या बुटांचे जोड नऊच. म्हणून सबस्टिट्यूशन झालं की बाहेर येणारा लाइनवर बसून बूट काढायचा आणि आत जाणारा तेच घालायचा. रेफ्री ओरडायचा, "काय करालाय बे, मॅच चालूय!"

तेव्हा आमचं कॉलेज शिवाजी विद्यापीठाचं. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर. आधी आपल्या जिल्ह्याच्या झोनमध्ये जिंकायचं, मग इंटरझोनल. आणि फुटबॉलची इंटरझोनल म्हणजे शेवटी गाठ कुणाशी, हे सांगायला नको. ज्या गावात पाटाकडील तालमीच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतं, ज्या गावचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, त्या गावाशी. आम्ही कोण? चादरीच्या गावची पोरं. आमच्याकडे संध्याकाळी पार्क मैदानावर क्रिकेट, नाहीतर खो-खो. फुटबॉल खेळतो म्हटलं की बाबा विचारायचे, "त्यातून काय मिळतंय?" बाबा यंत्रमागाच्या कारखान्यात. त्यांचा प्रश्न रास्त होता.

डिसेंबर २००३. मी एफवायला. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत एसटी कोल्हापुरात पोचली तेव्हा सगळ्यांची ढुंगणं सपाट झालेली. वाटेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, कारण हॉटेलचा खर्च वहीत बसत नव्हता. दुसऱ्या दिवशी मैदानावर पाहतो तर कॉलेजच्या मॅचला माणसं! भिंतीवर, झाडावर. नाव माहीत नसताना बुटांच्या रंगावरून आमच्या पोरांची टर उडवत होती. पण आमच्या स्ट्रायकरने हाफटाइमच्या आधी दोघांना चकवून गोल मारला, तेव्हा भिंतीवरचे तेच लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आम्ही चार-एक हरलो. तरी परत येताना गाडीत कुणी झोपलं नाही. मॅच संपल्यावर तिथल्या एका वयस्कर कोचने आमच्या स्ट्रायकरला बाजूला घेऊन पंधरा मिनिटं पायाची ठेवण दाखवली होती. पुढच्या वर्षी ये, युनिव्हर्सिटीच्या ट्रायल्सला तुला बघू, असं काहीतरी म्हणाला होता.

पुढचं वर्ष काही आलं नाही. म्हणजे कॅलेंडरात आलं. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूर विद्यापीठ सुरू झालं, एका जिल्ह्याचं. आमचं कॉलेज जागचं हललं नाही, पण गट बदलला.

तसं सोलापूरला हे नवीन नव्हतं. दयानंद कॉलेज १९४० चं. तेव्हा मुंबई विद्यापीठ. १९४९ पासून पुणे. १९६२ ला शिवाजी विद्यापीठ झालं तेव्हा कोल्हापूर. मग २००४ ला सोलापूर, ज्याचं नाव २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. एक इंच न सरकता चार विद्यापीठं! अमेरिकेतल्या कुठल्याही टीमला हे सांगितलं तर चक्कर येईल.

आता लगेच 'अन्याय, अन्याय' म्हणून ओरडू नका. विद्यापीठ हवंच होतं. माझ्या मोठ्या बहिणीला मार्कलिस्टमधली एक चूक दुरुस्त करायला दोनदा कोल्हापूरला जावं लागलं होतं, दुसऱ्या वेळी आई सोबत, मुक्काम नातेवाइकांकडे. तेच काम केगावला सिटी बसने जाऊन व्हायला लागलं तेव्हा आमच्या घरात कुणी फुटबॉलची आठवण काढली नाही. मीही नाही. तिकडे कॉन्फरन्स फुटली ती टीव्हीच्या पैशावर. इकडे आमच्या मॅचला टीव्ही काय, लोकल पेपरचा फोटोग्राफरही यायचा नाही. इकडे जिल्ह्याला त्याचं विद्यापीठ मिळालं, आणि त्या गठ्ठ्यात आमची कोल्हापूरची मॅच गेली. कुणी ठरवून नेली नाही. कुणाच्या लक्षातच आली नाही.

मजा म्हणजे मला फायदा झाला. अगदी मोठा. जिल्ह्यात फुटबॉलच्या टीम्स किती? बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एखादी आयत्या वेळी अकरा जण भरत नाहीत म्हणून यायचीच नाही. टीवायला असताना आम्ही दोन मॅच जिंकून चॅम्पियन! त्यातली एक वॉकओव्हर. विद्यापीठाच्या टीममध्ये माझी निवड झाली. शिवाजी विद्यापीठाच्या अठरा जणांत मी पाणी द्यायलाही गेलो नसतो, बॉस. पण इथे कलर होल्डर! छातीवर बोधचिन्ह, निळा ब्लेझर. आईने तो शेजारच्या चार घरांत दाखवून आणला.

मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. ट्रेनचा लांबचा प्रवास, बर्थ कमी, माणसं जास्त. पहिल्याच मॅचला पाच गोल खाल्ले आणि आल्या वाटेने परत. पाचवा माझ्या पायातून गेला. तिथे समोरच्यांचा वॉर्मअप बघूनच कळलं होतं. त्यांच्याकडे रोज खेळायला कुणीतरी तगडं होतं. आमच्याकडे वर्षभरात दोन मॅच, त्यातली एक वॉकओव्हर.

परत आल्यावर सरांनी वही मागितली. सर म्हणजे आमचे फिजिकल डायरेक्टर, चांगला माणूस. वही उलटीपालटी करून म्हणाले, "एवढ्यात माझ्या खो-खोच्या दोन टीम होतात रे. पोरांची एक, पोरींची एक. आणि त्या मेडल आणतात." खो-खोला लागतं काय? दोन खांब, चुना आणि गुडघे. मी काय बोलणार? हिशेब माझ्याच अक्षरात होता. पुढच्या वर्षी कॉलेजने फुटबॉलची एन्ट्रीच पाठवली नाही. ना नोटीस, ना निरोप. गोलपोस्ट काही दिवस कपडे वाळत घालायला होते, मग तेही गेले.

त्या कॉलनंतर रात्री मी उगाच शोधत बसलो. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या विद्यापीठाने डिसेंबर २०१४ मध्ये फुटबॉल बंद केला होता. कारण हेच, खर्च झेपत नाही. गावाने, माजी विद्यार्थ्यांनी देणग्या गोळा केल्या, सहा महिन्यांत निर्णय फिरला आणि २०१७ ला टीम परत मैदानात! मी लॅपटॉप बंद केला. आम्ही काय केलं होतं? मी त्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूच्या रेझ्युमेत 'युनिव्हर्सिटी प्लेअर' असं बोल्ड करून लिहिलं. पॅनेलवरच्या साहेबांनी दहा मिनिटं फुटबॉलवरच गप्पा मारल्या. नोकरी लागली.

आणि स्ट्रायकर? तोही त्याच टीममध्ये होता, तोच निळा ब्लेझर. पण त्याला रेझ्युमे लिहायचा नव्हता, त्याला सरकारी नोकरी हवी होती. खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे खरं, पण तिथे पदक लागतं, ब्लेझर चालत नाही. कोल्हापूरच्या दहा जणांसोबत खेळला असता तर पदक मिळालं असतंच, असं मी म्हणत नाही. पण पाच गोल खाणाऱ्या टीममध्ये एकट्याने मारून मारून किती मारणार? दोन वर्षं त्याने भरतीचे फॉर्म भरले. मग घरच्या युनिफॉर्म शिलाईच्या कारखान्यात बसला. आज त्याच्याकडे वीस-बावीस मशिन आहेत, पार कर्नाटकातल्या शाळांच्या ऑर्डरी असतात. वाईट चाललेलं नाही. फोन केला की आधी "किती पॅकेज झालं बे?" विचारतो.

त्या रात्री अकराला त्याला फोन लावला. क्लायंटची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली, मध्ये मशिनचा आवाज.

"कोल्हापूरची मॅच आठवते का रे?" मी विचारलं.

"चार-एक," तो म्हणाला. "एक माझा."

थोडा वेळ दोघंही गप्प.

"ब्लेझर हाय का बे तुझा?"

"आहे. पोट सुटलंय, बटण लागत नाही."

"घेऊन ये की दिवाळीला. आत दाबलेलं कापड असतंय, सोडून देतो," तो म्हणाला. "शिलाई पडंल पण. फुकट नाही."