चोर्ल्याच्या घाटातून

बेळगावच्या कित्येक मराठी घरांचे कुलदैवत गोव्यात आहे. त्यामुळे चोर्ल्याचा घाट आम्हां मंडळींना सहलीपेक्षा कुळाचाराचाच अधिक वाटतो. गेल्या श्रावणात कवळ्याच्या शांतादुर्गेच्या दर्शनाचा योग आला. या खेपेस मोटार चालवायला थोरला पुतण्या बसला होता. अठरा वर्षे पूर्ण होताच त्याने शिकाऊ परवाना काढला होता आणि पक्का परवाना हाती येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मी त्याच्या शेजारी बसलो. मागे वहिनी आणि पंधरा वर्षांचा धाकटा.

जांबोटीला चहा घेतला. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी हात जोडले. मलप्रभेचा उगम इथलाच. ती इथून पूर्वेकडे कृष्णेच्या भेटीला निघते. आमची वाट मात्र पश्चिमेची. पुढे कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्या सीमा एकमेकींजवळ येतात आणि सुमारे ८०० मीटर उंचीवरून रस्ता वळणे घेत सत्तरी तालुक्यात उतरू लागतो. एका बाजूला पाझरणारा कडा, दुसऱ्या बाजूला धुक्याने भरलेली दरी.

धुके दाटले तसे पुतण्याने दिवे प्रखर केले. समोर पांढरी भिंतच उभी राहिली. "दिवे खाली घे, म्हणजे रस्ता दिसेल," मी म्हणालो. थोड्या वेळाने ब्रेकचा जळका वास आला. उतारभर त्याचा पाय ब्रेकवरच होता. तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो. "दुसऱ्या गिअरात घाल. इंजिनच गाडीला आवरून धरील." त्याने तसे केले आणि गाडी शांतपणे उतरू लागली. एका अरुंद वळणावर खालून मालमोटार आली, तेव्हा मी त्याला थांबायला लावले. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते.

मुलगा हुशार आहे. पण तो शिकला कॅम्पातल्या सपाट रस्त्यांवर, आणि परवान्याच्या चाचणीत धुके नसते, दरीही नसते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात १६ मीटरांहून अधिक अंतर कापते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. हे गणित त्याने शाळेत सोडवले होते. पायाला ते अजून यायचे होते.

केरीला उतरलो, पाऊस उघडला, रस्ता सरळ झाला. तोच मागून धाकट्याने विचारले, "काका, इथं कोणीच नाही. मला पाचच मिनिटं चालवू देता?" वहिनी हसून म्हणाल्या, "द्या हो भावोजी, त्याला सगळं येतं."

मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. जी गोष्ट घरात कधी बोललो नव्हतो, ती त्या दिवशी बोललो.

२००१ साली माझा मुलगा पंधरा वर्षांचा होता. त्याला स्कूटर येते याचा मलाच अभिमान होता. एका संध्याकाळी कोथिंबीर आणायला मी आपण होऊन किल्ली त्याच्या हाती दिली. घरापासून दोन गल्ल्यांवर तो पडला आणि पाय मोडला. घरात सर्वांना एवढेच ठाऊक आहे. पण त्याच्या स्कूटरने भाजी विकून परतणाऱ्या एका बाईंना धडक दिली होती. त्यांचे मनगट मोडले. औषधपाण्याचा खर्च मी केला, त्यांनी तक्रारही केली नाही. परंतु भरली टोपली त्यांना पुन्हा डोक्यावर घेता आली नाही. मुलाला दोष लावून मी कित्येक वर्षे मोकळा झालो होतो. किल्ली मात्र माझी होती.

वहिनी काही बोलल्या नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर कायदाही हेच म्हणतो: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे मी त्यांना सांगितले खरे, पण त्या विचारात पडल्या होत्या त्या बाईंच्या टोपलीपाशी. "त्या बाई आता कुठं असतात?" त्यांनी हळूच विचारले. मला सांगता आले नाही. शोध घ्यावा असे कधी सुचलेच नव्हते.

साखळीवरून पुढे कवळ्याला पोहोचलो. दर्शन झाले, ओटी भरली. परतताना धाकटा हट्टाने पुढे, भावाच्या शेजारी बसला. घाट चढू लागलो, तेव्हा वरून एक गाडी उतरत आली आणि कडेला थांबली.

"दादा, आता वाट आपली," धाकटा म्हणाला, "पण हळूच घे."

मी मागे वहिनींच्या शेजारी बसलो होतो. बेळगावला पोहोचलो की भाजी मार्केटात त्या बाईंची चौकशी करायची, असे आमचे दोघांचे ठरले होते.