वाईच्या वाटेवरील पेट्रोलचा हिशेब

पुण्याहून महाबळेश्वरास जाणाऱ्या रस्त्याचें वर्णन आजवर इतक्या रसिकांनीं केलें आहे कीं, त्यांत भर घालण्याची आमची योग्यता नाहीं. या खेपेस आमचें लक्ष वनश्रीपेक्षां मोटारीच्या पेट्रोलकडे अधिक होतें, आणि त्यास कारणही तसेंच घडलें होतें.

आमच्या एकत्र कुटुंबाची मोटार या रस्त्यावर लीटरमागें १८ किलोमीटर चाले. दिवाळीनंतर तो आंकडा एकाएकीं १३ वर आला. घरांत चर्चा सुरू झाली, आणि अशा चर्चेंत नेहमीं होतें तेंच झालें; यंत्राकडे कोणी पाहिलें नाहीं, संशय माणसावर गेला. अकरा वर्षें आमच्याकडे असलेला सारथी पेट्रोल काढून विकतो, असें माजघरांत उघड बोललें जाऊं लागलें. वहिनींनीं तर पौषापासून त्याला निरोप देण्याचें ठरवूनही टाकलें. पन्नाशी उलटलेल्या माणसास असा डाग घेऊन दुसरें घर कोण देणार? आमचें म्हणणें इतकेंच होतें कीं, अनुमान करावयाचें तर हेतु आधीं तपासावा. डोंगरावर धूर दिसला म्हणून तेथें अग्नि आहे, हें ठीक. पण तें धुकें तर नव्हे? मार्गशीर्षांत सहकुटुंब महाबळेश्वरास जाण्याचें ठरलेंच होतें, तेव्हां परीक्षा त्याच वाटेवर घेण्याचें आम्हीं सुचविलें.

निघतांना पुण्यांत टाकी भरली. येथें मोजण्याची रीति सांगून ठेवतों. मोटारींतील कांट्यावर विसंबूं नये. पंपाची नळी आपोआप बंद पडेल तेथेंच थांबावें, किलोमीटरचा आंकडा वहींत टिपावा, आणि पुढच्या वेळीं तसेंच भरून जितकें पेट्रोल लागेल त्यानें चाललेल्या किलोमीटरांस भागावें. इतकें गणित चौथीच्या मुलालाही येतें. करण्याचा कंटाळा मात्र पदवीधरांसही येतो.

कात्रज ओलांडला, खेड शिवापूर मागें पडलें, सारोळ्याच्या पुलाखालीं नीरा दिसली. तिच्या पलीकडे सातारा जिल्हा. शिरवळास चहा झाला, पण सारथी क्षणभरही आमच्या दृष्टीआड झाला नाहीं. तो बिचारा सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता.

वाटेंत पुतण्यानें दोष इथेनॉलवर ठेवला. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकलें जाऊं लागलें, हें खरें. इथेनॉलांत तितक्याच पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश उष्णता असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या मानानें मिश्रणाची तूट सहा-सात टक्क्यांची, आणि पूर्वींच्या १० टक्के मिश्रणाशीं तुलना केल्यास त्याच्या निम्मी. आमची तूट सुमारें २८ टक्क्यांची! शिवाय तें मिश्रण दिवाळीपूर्वींही टाकींत होतेंच. चाकांतील हवा निघण्यापूर्वीं, चाकें थंड असतां तपासली होती. ती बरोबर भरली. इंजिन नीट तापत नसेल तरी पेट्रोल अधिक जळतें, पण उष्णतेचा कांटा कात्रजपूर्वींच मध्यावर येऊन स्थिरावला होता. खंडाळ्यापुढें (हा साताऱ्याकडील खंडाळा, लोणावळ्याशेजारचा नव्हे) खंबाटकीच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढे तसा वेगही वाढे. तेव्हां क्लच घसरत नव्हता.

उरला ब्रेक. पण घाट उतरल्यावर सगळींच चाकें तापतात, त्या वेळची परीक्षा व्यर्थ. म्हणून सुरूरच्या फाट्यावर मोटार अर्धा तास निवूं दिली. तेथून वाईपर्यंत रस्ता बराच सपाट. सारथ्यानें ब्रेकला शक्यतों पाय लावला नाहीं. एके ठिकाणीं गिअर मोकळा केला, तों मोटार पूर्वीसारखी ओघानें न जातां थोड्याच अंतरावर अडखळून थांबली. वाईंत उतरून प्रत्येक चाकाजवळ हात नेला. तीन चाकें कोमट; पुढच्या डाव्या चाकावर पाण्याचे थेंब शिंपडतांच चुरचुरले. (अशा चाकास हात लावूं नये, पोळतो.) पंपावर टाकी भरली. ८८ किलोमीटरांस ६.७ लीटर, म्हणजे १३ च. चोरीस वाव नसतां तूट तशीच राहिली, हा व्यतिरेक वहिनींनींही निमूटपणें ऐकून घेतला.

तशा चाकानिशीं पसरणीचा घाट चढणें एक वेळ चालेल, उतरणें नव्हे. चिकटलेल्या ब्रेकचें तेल तापून उकळलें तर पाय दाबूनही मोटार थांबत नाहीं. म्हणून मुक्काम वाईसच केला. मंडळी ढोल्या गणपतीस गेली. रास्त्यांनीं १७६२ मध्यें बांधलेल्या या देवळाची मागील भिंत मत्स्याकार आहे. कृष्णेचा पूर तिच्यावर फाटून दोहों बाजूंनीं जावा, ही योजना. प्राज्ञपाठशाळेच्या या गांवांत आमचा दिवस आनंदांत गेला असता, पण आम्ही आणि सारथी कारखान्यांत बसून होतों.

चाक काढल्यावर सारें उघड झालें. ब्रेकचे पॅड ज्या कॅलिपरमध्यें बसतात, तो दोन पिनांवर मागें-पुढें सरकतो. त्यांवरील रबर फाटून पावसाळ्याचें पाणी आंत शिरलें होतें व पिना गंजून धरल्या होत्या. पाय काढला तरी पॅड डिस्क सोडीना. इंजिन पुढें ओढी, ब्रेक मागें. त्या भांडणाचा खर्च आम्ही देत होतों. पिना घांसून ग्रीस भरलें, रबरें नवीं घातलीं, पुढील दोन्ही चाकांचे पॅड बदलले.

दुसऱ्या दिवशीं पसरणी चढतांना खालीं धोमचें पाणी चमकत होतें. वाईहून पांचगणी सुमारें पावणेसहाशे मीटर उंच. माणसांसह तेराशे किलोंची मोटार तेथवर उचलण्यास निव्वळ चढाचेंच पाऊण-एक लीटर पेट्रोल लागतें. त्यांतील कांहीं भाग उतरतांना परत मिळतो, म्हणून केवळ चढाचा हिशेब पाहून कोणी घाबरूं नये. क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेचें दर्शन घेऊन आम्ही परतलों.

वाईहून पुण्यास येतांना आंकडा चांगलाच आला, परंतु वाई पुण्याहून उंच, आणि परततांना खंबाटकीस चढाऐवजीं बोगदा. ती तुलना न्याय्य नव्हे. म्हणून पंधरवड्यानें पुन्हा त्याच दिशेनें मोटार नेली. ८८ किलोमीटरांस बरोबर ५ लीटर. वहिनींनीं वहीचें पान स्वतः पाहिलें, सारथ्यास माजघरांत बोलावून चहा दिला, आणि पौषाचा विषय पुन्हा निघाला नाहीं. आम्हीं त्यास तो आंकडा वाचून दाखविला, तेव्हां तो इतकेंच म्हणाला, "गुरुजी, उजव्या चाकाचीं रबरेंही पावसाळ्याआधीं एकदां पाहून घेऊं."