ताण

गेल्या वर्षी आषाढात पायरीवरून घसरलो आणि माझा उजवा हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये गेला. प्लॅस्टर निघाले तेव्हा वाटले, हा हात माझा नव्हेच! वाळल्या शेवग्याच्या शेंगेसारखा तो दिसत होता. सौभाग्यवतींनी हुकूम सोडला, "आता तांब्यासुद्धा उचलायचा नाही!" मीही मुकाट्याने मान डोलावली. खरे सांगायचे तर मी भ्यालो होतो. दिवसा फळ्यावर आणि रात्री कागदावर चालणारा हात तो. पुन्हा दुखावला तर?

अशात पुतणी आली. ती जीवशास्त्राची विद्यार्थिनी. माझी विज्ञानाशी शेवटची गाठ मॅट्रिकला पडली. पुढे आम्ही एकमेकांच्या वाटेला गेलो नाही. पण तिने सांगितलेली हकिगत कादंबरीहून रंजक निघाली.

1961 साली न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत, तंतूंच्या कडेला बिलगून निजलेल्या काही पेशी दिसल्या. स्नायू दुखावला की त्या जाग्या होतात, वाढतात आणि नवे तंतू घडवतात. 1979 साली व्हँडेनबर्ग आणि कॉफमन यांनी कोंबडीच्या गर्भातील स्नायुपेशींचे कोवळे तंतू लवचिक पडद्यावर वाढवले आणि तो पडदा ताणून धरला. ना मेंदूची आज्ञा, ना रक्ताचा पुरवठा, नुसता ताण! तरी ते तंतू अधिक प्रथिने बनवू लागले. 2001 साली मोठ्या जातीच्या उंदरांमधील त्या निजलेल्या पेशीही पात्रात ताण मिळताच जाग्या झाल्याचे दिसले.

"म्हणजे जितका ताण जास्त, तितके बरे?" मी विचारले.

"छे हो काका! त्यांना अंथरूणसुद्धा बेताचे लागते. कडक प्लॅस्टिकवर वाढवल्या तर त्यांचा जोम ओसरतो. स्नायूइतक्याच मऊ थरावर तो टिकतो. 2010 साली स्टॅनफर्डला छोट्या उंदरांच्या पेशींवर हे दिसले. आणि पात्रातली पेशी म्हणजे काही तुमचा हात नव्हे. डॉक्टरांना विचारा."

विचारले. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. पहिल्या दिवशी पाच वेळा दाबून डोळ्यांत पाणी आले. पुढे पुढे हीच शेजारी बसून आकडे मोजू लागली.

दिवाळीत आकाशकंदिलाची दोरी मीच ओढली. "अहो, जपून!" ही ओरडलीच. रात्री हात ठणकत होता. ही तेल कोमट करून चोळत होती आणि मी मात्र मनातून खूश होतो. आत कुणीतरी जागे झाले असावे!