चकचकीत हौद

आमच्या परसात सिमेंटचा छोटा हौद होता. डासांच्या अळ्या खातात म्हणून आजोबांनी त्यात गप्पी मासे सोडले होते. एकदा मे महिन्याच्या सुट्टीत मला सफाईची हुक्की आली. मासे बादलीत काढले, सगळं पाणी उपसलं, काथ्यानं घासघासून शेवाळं काढलं आणि नळाचं ताजं पाणी भरून मासे परत सोडले. हौद कसा चकचकीत झाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो काय, निम्मे मासे मरून तरंगत होते. मला रडूच कोसळलं.

आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना बाधतं. आणि तू खरवडलास ना, त्या बुळबुळीत थरात जिवाणू राहतात. माशांच्या अंगातून निघणारा विषारी अमोनिया तेच निकामी करतात."

तेव्हापासून मी एका वेळी पाव हौदच पाणी बदलते, तेही दिवसभर बादलीत उघडं ठेवलेलं. कुजकी पानं जाळीनं काढते, खाणं चिमूटभरच टाकते. भिंतींना मात्र हात लावत नाही, बरं का!

श्रावणापर्यंत हौद पिल्लांनी भरला. पण ते तरंगणारे मासे मी अजून विसरले नाही.