रडणं चालतं, म्हणणं कापलं जातं

‘सत्यमेव जयते’चा अस्पृश्यतेवरचा भाग आजही आपल्या ग्रुपवर फिरत असतो. 8 जुलै 2012, रविवार, सकाळी 11 ची वेळ, स्टार प्लस आणि दूरदर्शनवर एकदमच. दूरदर्शनवर होता म्हणून केबल नसलेल्या घरांतही पोचला. त्या भागावर टीका केली की आपलेच कार्यकर्ते नाराज होतात. “निदान दाखवलं तरी,” म्हणतात. मला हा ‘निदान’ तपासायचा आहे.

दाखवलं, हे खरंच. बेझवाडा विल्सन यांनी मैला उचलणाऱ्या माणसांबद्दल सांगितलं ते करोडो लोकांनी ऐकलं. स्टालिन के. यांच्या ‘इंडिया अनटच्ड’ची दृश्यं घराघरात गेली. नंतर आमिर खान या प्रश्नावर पंतप्रधान मनमोहन सिंगांना भेटूनही आले.

पण डॉ. कौशल पंवार यांचं काय झालं ते बघा. हरियाणातल्या वाल्मिकी कुटुंबातली मुलगी, तेव्हा दिल्ली विद्यापीठात संस्कृत शिकवत होती. तिने भोगलेला अपमान सांगितला, स्टुडिओत लोकांनी डोळे पुसले. त्याच महिन्यात ‘नवयान’चे एस. आनंद यांनी ‘आऊटलुक’मध्ये सडकून लिहिलं: कौशल पंवार बाबासाहेबांबद्दल बोलल्या होत्या, ते कापलं गेलं. गांधीवादी माजी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांना मात्र जागा मिळाली. आम्ही वर्धा जिल्ह्यातले, गांधी आम्हाला शाळेपासून पाठ आहेत. त्यांचं नाव घेतल्याचं दुखणं नाही. अस्पृश्यतेवर तासभराचा कार्यक्रम आणि ‘जातिसंहार’ लिहिणारा माणूस त्यात जवळजवळ नाही, हे दुखणं आहे.

यात आमिर खानच्या नियतीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. असे कार्यक्रम चालतातच अशा रीतीने. पाहुणा आपलं दुःख सांगतो, सूत्रधार हेलावतो, प्रेक्षक रडतो आणि हलकं वाटून जेवायला बसतो. बाबासाहेब मध्ये आले की हे हलकं वाटणं बंद होतं. ते धर्मशास्त्राला जबाबदार धरतात. म्हणजे टीव्हीसमोर बसलेल्याच्या देवघरापर्यंत गोष्ट जाते. जाहिरातदाराला ते कसं परवडेल?

अमेरिकेतही हे झालं आहे. जॉर्जिया राज्यातल्या फोर्सिथ काउंटीतून 1912 मध्ये काळ्या लोकांना हाकलून दिलं होतं. 1987 मध्ये ऑप्रा विन्फ्रेने आपला दिवसाचा शो तिथे नेला. फक्त काउंटीत राहणाऱ्यांनाच प्रवेश, म्हणजे सगळे गोरे. नागरी हक्क चळवळीतले होसिया विल्यम्स बाहेर निदर्शनं करत होते, त्यांना अटक झाली. सूत्रधार स्वतः काळी होती, हे लक्षात ठेवा. आपला माणूस पडद्यावर गेला की काम झालं, असं समजणाऱ्यांसाठी सांगतो.

आमच्याकडचा एक अनुभव. आष्टी तालुक्यातल्या एका मावशींची ॲट्रॉसिटीची केस आहे. एका वाहिनीच्या दुपारच्या कार्यक्रमासाठी एका मुलाचा मला फोन आला. वाहिनीचं नाव लिहीत नाही. “सर, एखादी केस हवी. बाई थोड्या इमोशनल असल्या तर बरं.” मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “रडासाठी बलावते का मले? तारीख काऊन लागत नाही थे इचारतो म्हना, मंग येतो.”

मावशींचा प्रश्न कायद्याला धरून होता. 2015 च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम 14 सांगतं की आरोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला निकाली निघावा. मी हे त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “कायद्याचं नको सर, ते ड्राय होतं. त्या दिवशी काय झालं, घरी कसं वाटलं, तेवढंच.” पुन्हा फोन आला नाही. मुलगा वाईट नव्हता. त्याला वरून तेवढंच मागितलं असणार.

दुःख बातमीच्या साच्यात बसवताना किती विटंबना होते, ते विदर्भाने खैरलांजीत पाहिलं. 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. लोक रस्त्यावर उतरेपर्यंत वाहिन्यांना जाग नव्हती, आणि सुरुवातीला जे छापून आलं त्यात ‘अनैतिक संबंधां’ची चघळाचघळ होती. जमिनीचा वाद, जात, पोलिसांची हलगर्जी हे मागे पडलं. मेलेल्या बाईचं चारित्र्य पुढे आलं.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ काढला तेव्हा ‘केसरी’ने त्याची पैसे देऊन जाहिरातही छापली नव्हती. आज जाहिरात छापतील, कारण 14 एप्रिलच्या पुरवणीला आपला बाजार आहे. कात्री मात्र अजून त्यांच्याच हातात आहे.

म्हणून आता कुठूनही फोन आला की आम्ही आधी विचारतो: थेट प्रक्षेपण आहे की रेकॉर्डिंग? कापण्याआधी दाखवणार का? केसच्या तारखांबद्दल बोलता येईल का? बहुतेक फोन इथेच संपतात. मावशींचं म्हणणं आम्ही विहारात बसून मोबाईलवर रेकॉर्ड केलं. बेचाळीस मिनिटं, न कापता. त्यात त्या एकदाही रडत नाहीत. एका जागी हसतात. ते का, ते ऐकल्यावर कळेल. ज्या पोरांना ऐकायचं असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावं.