ताट मेलबर्नचं, तिथी इंदूरची

आमच्या इंदूरला संक्रांत म्हणजे कडाक्याची थंडी. म्हणून भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि दुसऱ्या दिवशी तिळगूळ. अंगात ऊब आणणारं खाणं. इथे मेलबर्नला जानेवारीत ऐन उन्हाळा, पारा कधी ४० अंशांवर जातो. बाजारात ओला हरभरा नाही, आंबे मात्र भरपूर.

एकदा सहा वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, सूर्य उत्तरेकडे चालला म्हणजे आपल्यापासून लांबच ना?" खरंच होतं. इथे संक्रांतीला दिवस लहान होत जातो. आईला फोनवर सांगितलं. वाटलं, तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "अरे, तीळ थंडीसाठी. तुमच्याकडे ऊन आहे ना, मग आमरस कर. तिळगूळ मात्र हातावर ठेवच."

आता संक्रांतीला आमरस, कोशिंबीर, गार ताक आणि प्रत्येकाला एक तिळाचा लाडू. बाजरीची भाकरी आणि लोणी जुलैत, हीटरशेजारी बसून. "भाकरी थंडीची असते," असं लेक मैत्रिणींना सांगते. तिला सणामागचं कारण कळलं, मला तेवढं पुरे आहे.